कापडी टपाची जुनी गाडी, तीही रोज

सकाळी सव्वासातला किल्ली फिरवली की मागून टकटकटकटक असा आवाज येतो, आठ-दहा सेकंदांत तो संथ होतो आणि मग थांबतो. तो थांबल्याशिवाय मी सेल्फ मारत नाही. हा आवाज पेट्रोल पंपाचा, इलेक्ट्रिक पंप आहे, मागच्या बाजूला बसवलेला, तो पुढचे दोन्ही कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे भाग, भरतो आणि भरले की गप्प होतो. नुसतं ऐकून कळतं आज सगळं ठीक आहे का ते. टकटक थांबतच नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी आहे, आणि टकटक आलीच नाही तर काय होतं ते पुढे सांगतो, कारण ते माझ्यावर भर पावसात आलंय.

गाडी म्हणजे १९७१ ची एमजीबी रोडस्टर. गडद हिरवी, दोन सीट, वर कापडी टप. मी इंग्लंडमध्ये डिडकॉटला राहतो आणि ऑफिस थीलला, म्हणजे रेडिंगच्या अलीकडे. ब्ल्यूबरी, स्ट्रीटली, पँगबर्न, टिडमार्श असा साधारण अठरा मैलांचा रस्ता, त्यातला लोअर बॅसिल्डनचा पट्टा नदी आणि रेल्वेच्या बाजूबाजूने जातो. गेली सहा वर्षं मी याच गाडीने जातो येतो. घरात दुसरी गाडी आहे पण ती बायको नेते, तिचं ऑफिस लांब आहे. म्हणजे माझ्यासाठी हीच गाडी, शनिवारी चकाकून बाहेर काढायची आणि परत झाकून ठेवायची अशी नाही.

सगळे विचारतात, अरे एवढी जुनी गाडी रोज? इकडचे पण विचारतात, पुण्या-मिरजेचे नातेवाईक पण विचारतात. माझं म्हणणं असं की रोज चालवतो म्हणूनच ती नीट आहे. महिनाभर उभी राहिलेली जुनी गाडी चालू करून बघा, ब्रेक चिकटलेले असतात, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून चिकट थर बसलेला असतो, सील सुकलेले असतात, बॅटरी बसलेली असते, टायर खालून चपटे झालेले असतात. त्या उलट रोज गरम होणाऱ्या इंजिनात धरलेली ओल रोज उडून जाते, तेल सगळीकडे फिरतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचा कान तयार राहतो. काल नसलेला आवाज आज आला तर लगेच कळतं. वर्षातून चारदा चालवणाऱ्याला ते कसं कळणार.

भारतातल्या वाचकांना एमजी म्हटलं की हेक्टर आणि कॉमेट आठवते, लोगो तोच आहे, अष्टकोनी, पण आता कंपनी चिनी सायक मोटरच्या हातात गेली. माझी गाडी त्याच्या आधीच्या जन्मातली. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंगडनला बनली, सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर, आणि १९८० च्या ऑक्टोबरमध्ये ती फॅक्टरी बंद झाली. माझ्या घरापासून ॲबिंगडन सात-आठ मैल. फॅक्टरीची जागा आता ऑफिसांनी भरलीय पण शेजारी सेमेटरी रोडवर किंबर हाउस आहे, एमजी कार क्लबचं ऑफिस. गाडी घेतल्यावर पहिल्या रविवारी मी तिला तिकडे नेऊन आणलं, तिला तिचं माहेर दाखवावं असं वाटलं.

पण माझं या गाडीशी नातं ॲबिंगडनहून सुरू नाही झालं, मिरजेहून झालं.

माझ्या मामांचं मिरजेला गॅरेज होतं. स्टेशनबाहेरच्या अँबॅसिडर टॅक्स्या त्यांच्याकडे यायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथेच पडलेला असायचो, पाने पुसून लावायचे, रॉकेलच्या ताटलीत पार्ट धुवायचे, ही माझी कामं. तर झालं असं की सहा वर्षांपूर्वी ही गाडी बघायला गेलो, विकणाऱ्याने बॉनेट उघडलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे इंजिन मी ओळखतो. टॅपेट कव्हर तसंच, त्यावरचे दोन नट तसेच, डिस्ट्रिब्युटरची जागा तीच. घरी येऊन वाचलं तर खरंच एकाच घराण्यातलं निघालं. अँबॅसिडरमध्ये बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन होतं, १४८९ सीसी, आणि एमजीबीत त्याच बी-सिरीजचं १७९८ सीसीचं. अँबॅसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, ती ऑक्सफर्डच्या कावलीमध्ये बनायची. म्हणजे मिरज स्टेशनवर उभ्या असलेल्या त्या टॅक्स्या आणि माझी ही दोन सीटची गाडी, दोघी दहा मैलांच्या आतबाहेरच्या दोन गावांतल्या. मामांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "मग घे की. बाकीचं मी बघतो."

आणि खरंच बघतात. मामा आता चौऱ्याहत्तरचे, गॅरेज कधीच बंद केलं, पण रविवारी इकडे सकाळ तिकडे दुपार असं आमचं व्हिडिओ कॉलवर काम चालतं. फोन स्टँडला लावतो, बॉनेट उघडं, आणि मामा मिरजेहून सांगतात.

टॅपेटचं सांगतो, कारण मला ते काम सगळ्यात आवडतं. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, टॅपेट त्यांना दाबतो, आणि दोघांमध्ये थोडी फट, म्हणजे गॅप, ठेवायची असते. चारी प्लग काढायचे म्हणजे इंजिन हलकं फिरतं, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि हाताने इंच इंच ढकलायची. थंड इंजिनवर गॅप १५ थाऊ, म्हणजे एका इंचाच्या हजाराव्या भागाचे पंधरा. कोणता टॅपेट कधी सेट करायचा याला मामांचा नऊचा हिशोब आहे, आठ व्हॉल्व्ह एका ओळीत, पुढून मोजायचे, जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला दिसतो त्याचा नंबर नऊमधून वजा करायचा, उरेल त्याचा गॅप बघायचा. आठ नंबर दाबलेला असेल तर एक, सहा असेल तर तीन. हे मी बारा वर्षांचा असताना पाठ केलं होतं आणि ते जसंच्या तसं इथे चाललं. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी आत घालायची, लॉकनट सैल, स्क्रूने फिरवायचं, पट्टी ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी किंचित अडली पाहिजे, मग स्क्रू धरून ठेवून लॉकनट टाइट. टाइट करताना गॅप परत बदलतो, म्हणून परत बघायचं. मला आठ टॅपेटला अजून पाऊण तास लागतो, मामा वीस मिनिटांत करायचे.

मागच्या वर्षी मार्चमध्ये गाडी एकदम शांत झाली. टॅपेटची ती बारीक टिकटिक असते ना, ती गेली. मी खूश, मामांना फोनवर ऐकवलं की बघा किती स्मूद चाललीय. मामा गप्प झाले आणि म्हणाले, "चांगलं नाही ते. वाजणारा टॅपेट काही करत नाही, गप्प झालेला टॅपेट व्हॉल्व्हला जाळतो. उद्या नको नेऊस, आधी बघ." बघितलं तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे गॅप जवळजवळ शून्य. कारण असं की ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर बेतलेली, शिसं व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला, सांभाळायचं, आणि इकडे शिशाचं पेट्रोल १९९९ च्या शेवटी बंद झालं. बिनशिशाच्या पेट्रोलवर मऊ सीट झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, वर सरकतो आणि गॅप खाऊन टाकतो. माझ्या हेडमध्ये कडक सीट बसवलेल्याच नव्हत्या. हेड काढून मशीनवाल्याकडे दिलं, एक्झॉस्टच्या चार कडक सीट बसवल्या, नवे व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट. तेव्हापासून टिकटिक परत आली आणि मला तो आवाज ऐकून शांत झोप लागते. कुणी जुनी गाडी घेत असेल तर हे आधी विचारा, हेडचं काम झालंय का, आणि बिल दाखवा म्हणा.

आता पंपाचं. नोव्हेंबरची संध्याकाळ, साडेपाचलाच काळोख, पाऊस, पँगबर्नमध्ये गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. किल्ली बंद करून परत चालू केली, कान मागे लावला. काहीच नाही. टकटक नाही म्हणजे पेट्रोल नाही, बाकी काही बघायची गरजच नाही. या पंपाच्या आत कॉन्टॅक्ट पॉइंट असतात, दर टकटकीला एक ठिणगी, वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन ते काळे पडतात आणि एका दिवशी चिकटतात किंवा करंट घेत नाहीत. पंप बसवलाय उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, खाली. डिकीतून चाकाचा पाना काढला, किल्ली चालू ठेवली, ओल्या रस्त्यावर आडवा झालो आणि हात आत घालून पंपाच्या अंगावर हलकेच दोन ठोके दिले. टक. टकटक. टकटकटकटक. एक आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते ते थांबून माझ्यावर छत्री धरून उभे राहिले होते, पंप चालू झाल्याचा आवाज त्यांनी पण ऐकला आणि मान हलवून पुढे गेले. त्या दिवशी घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही, नुसता मागे कान.

रविवारी पंप काढला, टोकाचं काळं झाकण उघडलं, पॉइंट कोळशासारखे. मामा म्हणाले पॉलिश पेपर लगेच घासू नको, आधी व्हिजिटिंग कार्डाची पट्टी काप, पेट्रोलमध्ये बुडव आणि दोन पॉइंटच्या मधून ओढ. पहिली पट्टी काळी झाली, दुसरी तपकिरी, चौथी जवळजवळ स्वच्छ. त्यावर दोन महिने चालवली. नंतर मात्र आत पॉइंट नसलेला, इलेक्ट्रॉनिक पंप बसवला, बाहेरून तसाच दिसतो आणि टकटक पण करतो. मला ती टकटक पाहिजेच होती, तिच्यावर तर सगळं निदान.

आणि पंप बदलायच्या आधी त्याची अर्थिंगची वायर बघा हे मी सगळ्यांना सांगतो. या गाड्यांच्या इलेक्ट्रिकवर लोक फार बोलतात, पण माझ्या सहा वर्षांतल्या इलेक्ट्रिकच्या दहा तक्रारींतल्या आठ तरी गंजलेल्या अर्थच्या निघाल्या. वायर बॉडीला जिथे नटाने लावलीय तिथे खाली गंज, नट काढायचा, चकचकीत होईपर्यंत घासायचं, ग्रीस लावून परत आवळायचं, झालं. हेडलाइट पिवळट होते, ते मात्र वेगळं कारण, सगळा करंट त्या छोट्या स्विचमधून जायचा. दोन रिले, म्हणजे जास्त करंट सोसणारे वेगळे स्विच, टाकले, बॅटरीतून सरळ जाड वायर ओढली, आणि हिवाळ्यात ब्ल्यूबरीच्या काळोख्या रस्त्यावर मला पहिल्यांदा कडेचं गवत दिसलं. रोज चालवायच्या गाडीत असे बदल करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओरिजिनल ठेवायची म्हणून मंद दिव्यात मुलीला घेऊन जाणं मला पटत नाही.

ब्रेकला बूस्टर नाही, माझ्या सालात तो सगळ्या गाड्यांना यायचा नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, ब्रेक लागतात चांगले पण पाय जोर लावून दाबावा लागतो, आणि पुढची नवी गाडी तुमच्यापेक्षा लवकर थांबते हे डोक्यात ठेवून अंतर सोडावं लागतं. बायको पहिल्यांदा चालवायला बसली तेव्हा मी तिला आधी रिकाम्या पार्किंगमध्ये चारदा जोरात थांबवायला लावलं, आता ती माझ्यापेक्षा सफाईने चालवते.

आता सगळ्यात मोठं दुखणं. पत्रा.

एमजीबीला जीपसारखी वेगळी चेसी नाही, पत्र्याची बॉडी हीच चेसी. त्यात वर छप्पर नाही. मग गाडीचं पुढचं टोक आणि मागचं टोक एकमेकांना धरून कोण ठेवतं, तर दाराखालचे दोन लांब डबे, त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, मध्ये एक उभा पत्रा, आतला पत्रा, खाली एक रेल, असे थर. बाहेरचा पत्रा दिसतो, मधला दिसत नाही, आणि सगळी ताकद त्या मधल्यात. बाहेरून रंग चकाचक आणि आत पापडासारखा पत्रा, अशा कितीतरी गाड्या फिरतात.

माझीही तशीच होती. घेताना मी चुंबक फडक्यात गुंडाळून सगळीकडे लावून बघितलं होतं, सिलला चुंबक छान चिकटला, मी समाधानी. दोन वर्षांनी एकदा मागून जॅक लावला आणि सहज ड्रायव्हरचं दार उघडायला गेलो तर दार अडकलं. जॅक खाली घेतला, दार नीट. परत वर घेतला, वरची फट कमी होऊन दार चौकटीला घासतंय. म्हणजे गाडी मधून वाकत होती. पोटात गोळाच आला. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्यातरी गॅरेजने कुजलेल्या सिलवर नवीन पत्रा नुसता वरून वेल्ड करून टाकला होता, खालचा गंज तसाच, सांध्यावर पुट्टी आणि त्यावर जाड काळं कोटिंग. चुंबक चिकटणारच की, वर नवीन पत्रा होता. राग याचा येतो की काम करणाऱ्याला माहीत होतं. दोन सीटच्या गाडीत कुणाचं तरी पोर बसणार आहे हे माहीत असून झाकलं.

वाँटेजजवळ शेतातल्या एका शेडमध्ये एक वेल्डर आहेत, साठीचे, बोलतात फार कमी. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी चौकोनी पाइप आडवा वेल्ड केला, म्हणजे सिल कापल्यावर गाडी वाकायला नको. मग आधी दार लावून फट सगळीकडून मोजली, खडूने पत्र्यावरच आकडे लिहिले. मग कापलं. आतून निघालेला मधला पत्रा त्यांनी मला हातात दिला, बोटाने दाबला तर चुरा झाला, चहाच्या भुकटीसारखा. नवे पत्रे सगळे मिळतात, हे या गाडीचं मोठं भाग्य, १९८८ पासून तर जुन्या साच्यांवर अख्खी नवी बॉडी सुद्धा बनवायला लागले. पाच आठवडे लागले. प्रत्येक टप्प्याला दार लावून बघायचे, आकडे जुळले की पुढचा टाका. गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी गाडी मागून जॅकवर घेतली आणि मला म्हणाले दार उघड. उघडलं. लावलं. परत उघडलं. फट जराही हलली नाही.

त्यानंतर त्या पोकळीत मेण मारणं हे माझं दरवर्षी सप्टेंबरचं काम. वॅक्सॉइलचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचा, पातळ झालं की लांब नळीच्या पिचकारीने सिलच्या आत, दारांच्या आत, पुढच्या मडगार्डच्या मागे, जिथे हात जात नाही तिथे सगळीकडे. दोन दिवस अंगणात त्याचा वास राहतो आणि गाडीखाली तपकिरी थेंब पडत राहतात. पण खालची पाणी जायची भोकं आधी तारेने मोकळी करा आणि मेण मारल्यावर परत मोकळी करा, नाहीतर तुम्हीच आत पाणी कोंडून ठेवाल.

मिठाचं पण सांगायला हवं. इकडे थंडीत रस्त्यावर बर्फ होऊ नये म्हणून मीठ टाकतात, आणि पत्र्याचा त्याच्याइतका वैरी कुणी नाही. म्हणून रोज म्हणतो त्यात एवढी सूट मी घेतो, मीठ ताजं पडलेलं आणि रस्ता ओला असेल तर मी ट्रेनने जातो, रेडिंगला बदलून. एक चांगला पाऊस पडून रस्ता धुतला गेला की परत गाडी. आणि हिवाळ्यात दर रविवारी खालून पाइपने पाणी मारायचं, चाकांच्या कमानींत, सिलच्या खाली, स्प्रिंगांवर. हात गारठतात पण करायचंच.

टपाबद्दल लोकांना वाटतं की पावसात काय करत असाल. टप लावला की पाऊस बाहेर राहतो, एका कोपऱ्यातून, काचेच्या वरच्या टोकाला, दोन-चार थेंब येतात, त्यासाठी दाराच्या कप्प्यात एक पंचा कायम असतो. मोठी गोष्ट खालची आहे. गाडीत गालिच्याखाली नमद्यासारखं जाड अस्तर यायचं, ते पाणी पिऊन बसतं आणि खालचा पत्रा कुजतो. मी ते काढून टाकलं, नुसते रबरी मॅट, उचलले की खालचा पत्रा दिसतो, ओलं असेल तर पुसून टाकायचं. थोडा आवाज जास्त येतो, येऊ दे. आणि कडाक्याच्या थंडीत टप दुमडायचा नाही, व्हिनाइल ताठ होतं आणि घडीवर चिरतं, मागची प्लास्टिकची खिडकी तर काचेसारखी तडकते. आधी गाडी हीटर लावून गरम करायची, मग दुमडायचा, खिडकीच्या घडीत टॉवेल ठेवून.

पण डिसेंबरच्या कोरड्या सकाळी, आकाश निळं, टप खाली, दोन्ही काचा वर, हीटर पूर्ण पायांवर, कानटोपी आणि मफलर, आणि लोअर बॅसिल्डनला नदीवर धुकं. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, ती सुट्टीच्या दिवशी मुद्दाम उठून बरोबर येते आणि बसल्या बसल्या म्हणते, "बाबा, हीटर माझ्याकडे फिरवा." तिला टप लावायला दीड मिनिट लागतं, मला दोन.

कार्बोरेटरचं थोडं सांगतो, कारण मेकॅनिककडे न जाता घरी करता येण्यासारखं आहे. एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, दोन्हींनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी मीटर मिळतं पण मामांनी मला अर्धा मीटर रबरी नळी घ्यायला लावली, एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. एकाचा फुस्स आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याचा, दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग खालची बारीक पिन वर ढकलून पिस्टन किंचित उचलायचा, इंजिनचा वेग क्षणभर वाढून परत जागेवर आला तर बरोबर, वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी. आणि वरच्या टोपीतलं तेल दर पंधरवड्याला बघायचं, ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी घुटमळते आणि लोक विनाकारण प्लग बदलत बसतात.

पान्यांचं. या गाडीला इंची पाने लागतात. मामांकडे इंची पान्यांचा वेगळा डबा होता आणि त्याला आम्हा पोरांनी हात लावलेला चालायचा नाही. अर्ध्या इंचाच्या नटला तेराचा पाना बसतो, बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो, तीन दशांश मिलिमीटरचा फरक, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल. मी पहिल्याच महिन्यात इंची सेट घेतला. पुढच्या चाकांना प्रत्येक बाजूला किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे, तीन ग्रीस निपल, नव्या गाड्यांत हा प्रकारच नाही म्हणून लोक विसरतात. पुस्तकात ३००० मैलांना लिहिलंय, मी त्याच्या आधीच मारतो, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

रोज वापरणार असाल तर इन्शुरन्सवाल्याला स्पष्ट सांगा. क्लासिक गाडीच्या स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा ऑफिसला जाणं धरलेलंच नसतं आणि मैलांवर मर्यादा असते. मी थोडे जास्त पैसे देऊन ते घालून घेतलं. बाकी सरकारी बाजूने सोपं आहे, चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स नाही, आणि २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी, पण सक्तीची नाही. तपासणी मी तरी दरवर्षी करून घेतोच. दुसऱ्या माणसाचे डोळे आणि चांगला रॅम्प, वर्षातून एकदा खालून बघून घेतात, यात वाचवण्यासारखं काही नाही. पेट्रोल मात्र महागातलं भरतो, २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत नेलं, ते जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या सगळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या तरीही.

गणपतीत आम्ही लंडनला महाराष्ट्र मंडळात जातो, डॉलिस हिलला, १९३२ पासूनचं मंडळ आहे. लंडनमध्ये जुन्या गाड्यांना प्रदूषणाचं रोजचं शुल्क भरावं लागतं पण ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला ते माफ आहे. मोटरवेवर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथ्याच्या वरचा जास्तीचा गिअर, टाकला की ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या आसपास येतं, तो नसेल तर ३९०० वर ओरडत राहतं. गेल्या वर्षी हा ओव्हरड्राइव्ह लागेनासा झाला, लोकांनी सांगितलं गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मामा म्हणाले आधी तेल बघ आणि वायर बघ. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो. तेल ठीक होतं, वायरचा एक जोड निघाला होता. पाच मिनिटांचं काम.

एक सवय मात्र लावून घ्या. नवा पार्ट टाकला तरी जुना लगेच फेकू नका. हल्ली जे नवे पार्ट बनतात ते सगळेच पहिल्यासारखे टिकत नाहीत, माझा नवा रोटर, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटरमधला फिरता पार्ट, तीनशे मैलांत आतून शॉर्ट झाला आणि गाडी जागेवर मेली, ग्लव्ह बॉक्समध्ये पन्नास वर्षांचा जुना होता तो टाकून घरी आलो. आता रोटर, कंडेन्सर, पॉइंट, फॅनबेल्ट, दोन प्लग आणि थोडी वायर असं एका बिस्किटाच्या डब्यात कायम सीटच्या मागे असतं.

परवा गाडी धुताना डाव्या बाजूला, पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला, रंगाखाली मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा दिसला. नखाने दाबला तर दबला. त्या बाजूची सिल अजून जुनीच आहे. वाँटेजच्या वेल्डरना फोन केला, ते म्हणाले मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊन ये, आणि तोपर्यंत त्याला हात लावू नकोस. मागून जॅक लावून तिकडचं दार उघडून बघितलं, अजून तरी नीट उघडतंय. मामांना फोटो पाठवलाय, त्यांचं उत्तर आलं, "दुसऱ्या बाजूनं पण फोटो काढ, आतून."